ऑफिससाठी वेबमेल आणि कॅलेंडर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच ते पन्नास माणसांची ऑफिसं मेल बदलायला निघतात तेव्हा जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सीएची फर्म, आर्किटेक्ट, भोसरी-चाकणच्या पट्ट्यातला छोटा कारखाना, शिक्षणसंस्था, निर्यात करणारा व्यापारी असा वाचक डोळ्यासमोर आहे. मोठ्या कंपन्यांकडे आयटीवाले असतात, त्यांची गोष्ट वेगळी. एक मत आधीच सांगून टाकतो: मेल पाठवणं आणि घेणं सगळीकडे जवळपास सारखंच झालंय. निवड फसते ती कॅलेंडरवर आणि ॲडमिनच्या अधिकारांवर, आणि डेमो बघताना नेमकं तेच कोणी विचारत नाही.

फुकटचं जीमेल चालतंय की. पैसे कशाला मोजायचे?

एकट्याचा व्यवसाय असेल तर खुशाल चालवा. माणसं ठेवलीत की चित्र बदलतं. अकाउंट्स बघणारी मुलगी स्वतःच्या मोबाइल नंबरवर फर्मच्या नावाचं जीमेल उघडते. तोच पत्ता जीएसटी पोर्टलवर जातो, बँकेत जातो, चार सप्लायर बिलं तिथेच पाठवू लागतात. मग ती नोकरी सोडते. पासवर्ड ती देऊनही जाते बिचारी, पण नव्या लॅपटॉपवर लॉगिन केलं की कोड जातो तिच्या फोनवर. आता दर वेळी तिला फोन करायचा, आणि ती नव्या ऑफिसात मीटिंगमध्ये असते.

स्वतःच्या डोमेनवरचा (म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या फर्मच्या नावावरचा) मेल घेतला की खातं फर्मचं राहतं. माणूस गेला की ॲडमिन पासवर्ड बदलतो, खातं दुसऱ्याच्या हाती देतो, विषय संपला. पैसे मोजायचे ते यासाठी. जास्तीची जागा, जाहिराती नसणं वगैरे गोष्टी दुय्यम आहेत.

डोमेन कोणाच्या नावावर असावं?

फर्मच्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नाही, भागीदाराच्या पुतण्याच्याही नाही. मेलचं सॉफ्टवेअर उद्या बदलता येईल. डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल आणि तो फोन उचलत नसेल तर सगळंच अडकतं. रजिस्ट्रारच्या (डोमेन ज्या कंपनीकडून घेतलं तिच्या) खात्याचा पासवर्ड, रिन्यूअलची तारीख आणि तिथे नोंदवलेला ईमेल हे तीनही आजच तपासा. नोंदवलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेनची मुदत संपली की तो मेलही बंद पडतो आणि रिन्यूअलचा इशारा पोचतच नाही.

बाजारात नेमके पर्याय कोणते?

बहुतेकांची तुलना तिघांतच होते: गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो.

गूगलने २००६ मध्ये स्वतःच्या डोमेनवर जीमेल द्यायला सुरुवात केली, तेही फुकट. डिसेंबर २०१२ पासून नव्या ग्राहकांना फुकट देणं थांबलं आणि २०२२ मध्ये जुन्या फुकट्यांनाही पैसे भरायला सांगितलं गेलं. आरडाओरडा झाल्यावर घरगुती वापराला तेवढी सूट मिळाली. हे सांगायचं कारण एवढंच, की ‘कायमचं फुकट’ या शब्दांवर ऑफिस उभं करू नये. बाकी गूगलचा शोध आणि स्पॅमची चाळणी उत्तम, आणि माणसांना जीमेल आधीपासून येतं, त्यामुळे शिकवावं लागत नाही.

तुमच्याकडे एक्सेलशिवाय पान हलत नसेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या, फार विचार करू नका. ॲडमिनची पडदेच्या पडदे पसरलेली मांडणी मात्र नवख्याला चक्रावून टाकते.

झोहो चेन्नईची कंपनी, १९९६ पासूनची. केंद्र सरकारची मेल यंत्रणाही तिच्या प्लॅटफॉर्मवर गेली आहे. दर कमी, ॲडमिनचं काम सुटसुटीत. पाच जणांपर्यंत, माणशी ५ जीबीचा फुकट प्लॅन आहे, पण त्यात आयमॅप, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मेल उघडण्याची सोय, मिळत नाही. म्हणजे ब्राउझर आणि त्यांचं स्वतःचं ॲप एवढंच. कॉम्प्युटरवरच्या आउटलुकला किंवा थंडरबर्डला तो जोडता येत नाही. हे न वाचता सुरुवात करणारे पुष्कळ भेटतात.

वेब होस्टिंगबरोबर ‘फ्री’ मिळणारा मेल हा चौथा पर्याय. आमचं मत: नको. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी नांदत असतात. त्यातल्या एकाने घाऊक स्पॅम सोडला की सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत जातो आणि तुमचं कोटेशन ग्राहकाला पोचत नाही. शिवाय कॅलेंडर असतं ते नावापुरतं.

कॅलेंडरमध्ये एवढं बघण्यासारखं काय आहे?

घोडं पेंड खातं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

सीएच्या फर्मचं उदाहरण घेऊ. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. वर्षातून चारदा, म्हणजे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला ॲडव्हान्स टॅक्स. हे सगळं एका सामायिक कॅलेंडरवर असायला हवं. दहा आर्टिकल्सच्या (शिकाऊ सीएंच्या) दहा मोबाइलवर दहा वेगवेगळे रिमाइंडर काही कामाचे नाहीत. सरकारने मुदत वाढवली की (ती वाढतेच) एकाने तारीख सरकवायची, सगळ्यांकडे सरकली पाहिजे. आता चाचणी घ्या: दर महिन्याच्या ७ तारखेची नोंद करा, आणि मार्चच्या टीडीएसची मुदत ३० एप्रिल असते म्हणून ७ एप्रिलची एकच नोंद ३० ला हलवा. बाकीचे महिने जागेवर राहिले का? मोबाइलवरही तसंच दिसतंय का?

दुसरी चाचणी महिनाअखेरची. महाराष्ट्रातला व्यवसाय कर दरमहा भरणाऱ्यांना तो महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत भरायचा असतो. ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ अशी नोंद केली तर गूगल कॅलेंडर ३० दिवसांचे महिने सरळ गाळतं. जून आणि सप्टेंबरला नोंदच नाही. आउटलुक अशा महिन्यांत शेवटचा दिवस धरतं. दोन्हींमागे आपापला तर्क आहे, पण दंड तुम्हाला बसणार. म्हणून असल्या नोंदी २५ तारखेला टाकाव्यात. चार दिवस हाताशीही राहतात.

तिसरी गोष्ट परदेशी ग्राहकांची. भारतात घड्याळ वर्षभर एकच, अमेरिका-युरोपात ते वर्षातून दोनदा हलतं. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ला येते, हिवाळ्यात ७:३० ला. पुण्यातल्या माणसाने ‘दर मंगळवारी ६:३०’ अशी भारतीय वेळेत नोंद करून आमंत्रण पाठवलं, तर नोव्हेंबरात समोरच्याला सकाळी ८ ला बोलावणं जातं. त्यामुळे नोंद करतानाच वेळेचा पट्टा न्यूयॉर्कचा निवडता यायला हवा, आणि तो पर्याय मोबाइल ॲपमध्येही सापडायला हवा. त्यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी हलतं आणि युरोपचं शेवटच्या रविवारी, म्हणून मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क दोन्हींबरोबर काम करणाऱ्यांची भंबेरी उडते. दुसऱ्या घड्याळाची पट्टी शेजारी दिसत असेल तर बरंच निभावतं. ही सोय गूगल आणि आउटलुक दोघांच्या वेब कॅलेंडरात आहे, फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

सुट्ट्यांचं म्हणाल तर तयार मिळणारं ‘भारतातील सुट्ट्या’ कॅलेंडर जोडून मोकळे होऊ नका. त्यात कुठल्या कुठल्या राज्यांचे सण दिसतात, आणि १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १ मेचा महाराष्ट्र दिन किंवा गणपती विसर्जनाची तुमची ऑफिसची सुट्टी त्यातून सांभाळली जाईलच असं नाही. राज्य सरकारची यादी डिसेंबरच्या सुमारास येते, ती एकदा हाताने भरा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि शेवटचं, जे विचारायचंच राहतं: माणूस गेल्यावर त्याने तयार केलेल्या मीटिंगांचं काय? बहुतेक ठिकाणी नोंदीचा मालक तीच व्यक्ती असते. खातं डिलीट करताना डेटा कोणाकडे सोपवायचा ते विचारलं जातं. तिथे कॅलेंडरवर टिक करायची राहिली की दर सोमवारची आढावा बैठक सगळ्यांच्या कॅलेंडरातून गायब. ऑफिसच्या कायमच्या बैठका ‘ऑफिस’ नावाच्या एका सामायिक कॅलेंडरवरच करायची शिस्त लावली तर हा प्रश्न येत नाही.

आम्ही गूगलवर, ग्राहक आउटलुकवर. आमंत्रणं जुळतात का?

साधी आमंत्रणं जुळतात. आयकॅलेंडर नावाचं खुलं मानक १९९८ पासून आहे आणि सगळे ते पाळतात. फरक पडतो तो बदल केल्यावर. एखादी साप्ताहिक मीटिंग घ्या, मधला एकच दिवस रद्द करा, दुसऱ्या दिवसाची वेळ बदला, एक माणूस वाढवा. मग समोरच्याकडे काय दिसतं ते फोन करून विचारा. दोन जुन्या नोंदी तशाच राहिल्या असतील तर पुढे कोणीतरी रिकाम्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं बसणार आहे.

मराठी मजकुरात शोध नीट लागतो का?

लागतो, पण जेवढा वाटतो तेवढा नाही. इंग्रजीत ‘इन्व्हॉइस’ शोधलं की काम भागतं. मराठीत शब्दाला विभक्ती लागते: पावती, पावत्या, पावतीवर, पावत्यांची. ‘पावती’ शोधल्यावर ‘पावत्यांची यादी जोडली आहे’ हा मेल सापडेल याची खात्री नाही. तुमच्याच जुन्या मेलमधले पाच शब्द घेऊन प्रत्येक साधनात शोधून पाहा, चित्र लगेच स्पष्ट होईल.

त्याहून छुपी अडचण अक्षरांच्या आतली आहे. ‘ॲडव्हान्स’मधला पहिला ॲ दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर ते एकच अक्षर असतं, दुसऱ्यावर अ आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र. डोळ्याला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला वेगळे. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांचीही तीच कथा. एक जण ऑफिसातल्या इनस्क्रिप्टवर टाइप करतो, दुसरा मोबाइलवरच्या कीबोर्डवर, आणि मेल असूनही सापडत नाही. उपाय साधा आहे: विषयाच्या ओळीत फाइलचा नंबर टाकायचा. नंबरला विभक्ती लागत नाही.

श्रीलिपी किंवा सुरेख फॉन्टमधल्या जुन्या वर्ड फाइली अटॅचमेंट म्हणून पडून असतील तर त्यांच्या आतला मराठी मजकूर कुठलंच साधन शोधू शकणार नाही. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, नाही. आत निव्वळ इंग्रजी चिन्हांची खिचडी असते. शिक्षणसंस्था आणि सोसायट्यांच्या दप्तरात असल्या फाइलींचा ढीग असतो. महत्त्वाच्या तेवढ्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

आमचे मेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये का जातात?

बहुतेक वेळा डोमेनच्या नोंदी अपुऱ्या असतात म्हणून. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. आणि हे दोन्ही जुळलं नाही तर काय करायचं ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० किंवा जास्त) तिन्ही सक्तीचे केले. तुम्ही तेवढे पाठवत नसाल, तरी चाळणी तीच आहे.

तिन्ही कंपन्या या नोंदी कशा करायच्या ते पायरीपायरीने दाखवतात. राहून जातं ते दुसरंच: टॅलीतून जाणारी बिलं, वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म, दिवाळीला शुभेच्छा पाठवणारी सेवा. हे सगळे तुमच्याच नावाने मेल पाठवत असतात. आधी त्यांची यादी करा, मग एसपीएफ लिहा. आणि एसपीएफची नोंद एकच असावी. दोन केल्या तर दोन्ही बाद धरल्या जातात.

मेल बदलल्यावर झेरॉक्स मशीनवरून स्कॅन जाणं बंद झालं. आता?

होणारच होतं. जुन्या मशीनला फक्त आयडी-पासवर्ड कळतो आणि मोठ्या कंपन्या नुसत्या पासवर्डवरचं लॉगिन बंद करत आल्या आहेत. गूगलने वर्कस्पेससाठी ते २०२५ मध्ये पूर्ण थांबवलं. द्विस्तरीय पडताळणी चालू करून मशीनपुरता वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढता येतो. कोणत्या साधनात हे जमतं ते विकत घेण्याआधी विचारा. टॅली, हजेरीचं मशीन आणि सीसीटीव्हीचे इशारे यांनाही हेच लागू.

‘इन्फो@’ या सामायिक पत्त्यावरचा मेल चौघांनी बघायचा तर चार पासवर्ड का एक?

पासवर्ड वाटू नका. चौघांना एकच पासवर्ड म्हणजे उत्तर कोणी दिलं ते कळत नाही, आणि एक जण गेला की सगळ्यांचा बदला. मायक्रोसॉफ्टमध्ये सामायिक मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत वेगळ्या लायसन्सशिवाय मिळतो, ही त्यांची खरोखर चांगली सोय आहे. गूगलमध्ये ग्रुप करून किंवा मेलबॉक्सचा ॲक्सेस सोपवून तेच काम होतं, थोडं वळसा घालून. तीनपैकी काहीही घ्या, पण ‘हा मेल कोणाकडे’ हे दाखवता येतं का ते बघा. नाहीतर एका ग्राहकाला दोन वेगळी कोटेशनं जातात.

अटॅचमेंट किती मोठी जाते?

जीमेलमध्ये २५ एमबी. मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे समोरच्याची मर्यादा कमी असेल तर १०-१२ एमबीची फाइलही परत येऊ शकते. ड्रॉइंगं पाठवणाऱ्यांनी लिंक पाठवायची सवय लावावी. लिंकवर मुदत टाकता येते का, तेवढं तपासा.

खर्चाचा हिशेब कसा करायचा?

दर माणशी, दरमहा सांगितला जातो. त्याला बाराने गुणा, माणसांनी गुणा, वर १८ टक्के जीएसटी धरा (नोंदणी असेल तर क्रेडिट मिळतं, त्यासाठी बिलावर तुमचा जीएसटी नंबर आलाच पाहिजे). वार्षिक करार स्वस्त पडतो, पण मध्येच माणसं कमी झाली तर पैसे कमी होत नाहीत. दिवाळीच्या हंगामापुरते चार जण घेणाऱ्यांनी मासिक घ्यावं. सगळ्यांना एकच प्लॅन लागतो असंही नाही. गोडाऊनवरच्या माणसाला स्वस्तातला पुरतो, मात्र प्लॅनची सरमिसळ चालते का ते आधी विचारून घ्या.

पैसे भरण्याची रीतही बघा. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणारी वसुली पूर्वीसारखी बिनबोभाट होत नाही. रक्कम १५,००० रुपयांच्या वर गेली की ओटीपी लागतो. मालक गावाला, ओटीपी त्यांच्या फोनवर, रेंज नाही, आणि इकडे मेल बंद. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून वर्षाचं बिल घेऊन एनईएफटी केलेलं बरं.

डेटा भारतातच राहिला पाहिजे का?

साध्या व्यवसायाला तशी सरसकट सक्ती नाही, पण बँका आणि सरकारी ग्राहक करारात ती अट घालतात. झोहोचं डेटा सेंटर खातं उघडताना दिलेल्या देशावरून ठरतं, म्हणून तिथे भारतच निवडा. मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुणे, मुंबई आणि चेन्नईत २०१५ पासून आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ग्राहकांचे पॅन, आधारच्या प्रती मेलमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात; त्या कोण उघडू शकतो याचं उत्तर तुमच्याकडे हवं. सर्व्हर कुठे आहे त्यापेक्षा हा प्रश्न जास्त बोचणारा आहे.

सेवाच बंद पडली तर?

कधीतरी पडतेच. १४ डिसेंबर २०२० ला गूगलचं लॉगिन पाऊण तास जगभर कोलमडलं होतं. मोठ्या तिघांत या बाबतीत निवडण्यासारखं फार नाही. महत्त्वाचे फोन नंबर मेलबाहेर ठेवा. वीज आणि नेट ज्यांच्याकडे वारंवार जातं त्यांनी ऑफलाइन सोय जरूर बघावी. जीमेलची ती क्रोममध्ये चालते आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचे मेल जवळ ठेवते.

पुढे नको वाटलं तर बाहेर पडता येईल?

मेल आयमॅपने दुसरीकडे नेता येतो, वेळ लागतो एवढंच. संपर्क आणि कॅलेंडर फाइल करून काढता येतात, पण कोणी होकार दिला होता, कोणती खोली आरक्षित होती, कोणाला काय बघायची परवानगी होती, हे सहसा मागेच राहतं. ट्रायलच्या काळातच एका माणसाचा सगळा डेटा बाहेर काढून दुसरीकडे भरून पाहा.

चाचणी कशी घ्यायची?

गूगल १४ दिवस, झोहो १५ दिवस आणि मायक्रोसॉफ्ट महिनाभर वापरून बघायला देतं. ऑफिसच्या मुख्य डोमेनला हात न लावता एखादं सुटं डोमेन घ्या आणि त्यावर तिघांना बसवा: मालक, सतत साइटवर फिरणारा एक जण, आणि कॉम्प्युटरला बिचकणारी एक व्यक्ती. तिसऱ्याचं मत सगळ्यात जास्त धरा. कॅलेंडरच्या वर सांगितलेल्या चाचण्या मोबाइलवरून करा, कारण कामाच्या धांदलीत ते तिथूनच वापरलं जाणार आहे.

बदल कधी करावा, आणि जुना मेल कधी बंद करावा?

सीएंनी जुलै ते सप्टेंबर अजिबात नको. शाळा-कॉलेजांनी प्रवेशाचे दिवस टाळावेत. शुक्रवारी संध्याकाळी एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरवर यायचा ते सांगणारी डोमेनची नोंद) बदला. त्याआधी दोन दिवस तिचा टीटीएल (जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ धरून ठेवतात तो काळ) एक तासावर आणून ठेवा म्हणजे बदल लवकर पसरतो. जुन्या पत्त्यावरून नव्यावर फॉरवर्ड लावा आणि एप्रिल ते मार्च असं पूर्ण आर्थिक वर्ष ते चालू राहू द्या. एफडीच्या व्याजाचं प्रमाणपत्र, विम्याच्या हप्त्याची सूचना, डोमेन रिन्यूअल असे मेल वर्षातून एकदाच येतात, आणि जुना पत्ता कुठे कुठे दिला होता ते त्यांच्यावरूनच कळतं.